वाळूकाकांची चढण

त्या इमारतीत चारशे माणसं कामाला होती, आणि त्यातल्या बहुतेकांनी मंगळावरची जमीन फक्त चित्रात पाहिली होती. वाळूकाका ती जमीन रोज तयार करत.

तयार करत म्हणजे खरोखर, हातानं. इमारतीच्या मागच्या बाजूला उंच पत्र्याचं छप्पर घातलेला एक मोठा हॉल होता. दारावर ‘चाचणी मैदान’ अशी पाटी होती, पण काका त्याला अंगण म्हणत, आणि हळूहळू सगळेच अंगण म्हणायला लागले. अंगणात गुडघाभर जाडीचा तांबूस पुडीचा थर होता. काळा दगड दळून, त्यात तांबडी माती मिसळून, ती तीनदा चाळून काकांनी तो थर घातलेला. त्यावर लहानमोठे दगड मांडलेले. तिकडे मंगळावर सहा चाकांची एक गाडी फिरत होती. माणूस नाही, काणूस नाही, एकटीच. दिवसभर चालायची, दगड न्याहाळायची आणि संध्याकाळी समोरच्या जागेची चित्रं पाठवायची. ती चित्रं छापून काकांच्या हातात यायची. मग काका तीच जागा अंगणात उभी करत. हा दगड इथं, त्याचं तोंड तिकडे, हा खड्डा वीतभर, ही चढण एवढी. जागा उभी राहिली की त्या गाडीची इथं ठेवलेली जुळी बहीण तिच्यावरून चालवून बघायची. ती इथं नीट गेली तर तिकडे तशी आज्ञा धाडायची. इथं फसली तर तिकडे चाक हलवायचं नाही.

वरच्या गाडीला काका थोरली म्हणत आणि खालच्या गाडीला धाकटी. धाकटीच्या पोटातलं जड सामान काढून टाकलेलं होतं, कारण मंगळावर सगळ्याच गोष्टींचं वजन कमी भरतं. हे काकांना पहिल्या वर्षी पटलं नव्हतं. “वजन कसं कमी होईल? उपाशी ठेवता का तिला?” असं त्यांनी विचारलं, आणि अख्खी कचेरी दोन दिवस हसत होती. काकाही हसले. न कळलेलं विचारायची ज्याला लाज नाही, त्याला लोक फार दिवस हसत नाहीत.

काका दगडाच्या घरातले. आजोबा खाणीत घण मारायचे, वडील सुरुंगाची भोकं पाडायचे, आणि काका दहाव्या वर्षापासून टोपल्या वाहायचे. शाळा चार इयत्ता झाली. पुढचं सगळं शिक्षण दगडानं दिलं आणि त्याची फी म्हणून डाव्या हाताची करंगळी घेतली. दगड कुठून फुटेल, कुठं बसेल, ओल कुठवर गेली आहे, हे त्यांना बघून कळायचं. एकोणीस वर्षांपूर्वी या अंगणासाठी दगडांचा ट्रक घेऊन ते इथं आले होते. दगड उतरवून झाले, तरी ते निघेनात. साहेब लोक एक चित्र हातात धरून दगड मांडत होते आणि काका बाजूला उभे राहून मान हलवत होते. शेवटी एकानं विचारलं, “काय हो, काय झालं?”

“काही नाही साहेब. तो दगड तुम्ही उताणा ठेवलाय.”

“चित्रात तसाच आहे.”

“चित्रात त्याची पाठ दिसतीय. वाऱ्यानं घासलेली बाजू पाठ असते. तुम्ही त्याला पाठीवर पाडलंय.”

दगड उलटवला, दिवा चित्रातल्या कोनात धरला, आणि सावली तंतोतंत जुळली. ट्रक परत गेला. काका राहिले.

या माणसाला एका गोष्टीचा अभिमान होता, आणि तो त्यानं कधी लपवला नाही. पुडीची मूठ भरून दाबायची आणि उघडायची. गोळा धरला तर ओल आहे. बोटांतून सांडली तर कोरडी. ओल मोजायचं यंत्र आणायचं, असा विषय दोनदा निघाला होता. दोन्ही वेळा काकांनी आपली चार बोटांची मूठ पुढं केली होती. “हे काय बिघडलंय का?” ते म्हणायचे. विषय तिथंच संपायचा.

थोरलीला चालवायचं काम मॅडमकडं होतं. पस्तिशीची, सडपातळ, भरभर चालणारी बाई. तिच्या एका आज्ञेवर तिकडे कोट्यवधी कोसांवर चाकं फिरायची, पण अंगणात आल्या की त्या आधी काकांना विचारायच्या, “काका, हिला इथनं जायला आवडेल का?” काका म्हणाले नाही, तर त्या पुन्हा आकडे मांडायला बसायच्या. मोठ्या पदाच्या माणसानं आपलं मत ऐकावं, याचं सुख ज्याला आयुष्यात उशिरा मिळालं, त्यालाच त्याची किंमत. काकांना मुलगी नव्हती. पण हे त्यांनी मॅडमना कधी सांगितलं नाही.

मॅडमना दम्याचा त्रास होता. अंगणातली पूड मैद्यासारखी बारीक. तोंडाला फडकं बांधलं की लांबच्या माणसाला बोललेलं ऐकू जायचं नाही, आणि फडकं काढलं की छाती भरून यायची.

त्या वर्षी तिकडचा हिवाळा जवळ आला होता. मंगळावरचा हिवाळा लांब असतो, आपल्या अर्ध्या वर्षाएवढा. थोरली उन्हावर जगायची. तिच्या पाठीवर काळ्या पाट्या होत्या, त्यांवर ऊन पडलं की तिच्या पोटात ऊब आणि अंगात बळ यायचं. हिवाळ्यात सूर्य आकाशाच्या कडेला सरकतो. तेव्हा तिनं एखाद्या चढणीवर, पाठ सूर्याकडं कलती करून बसायला हवं. सपाटीवर राहिली तर थंडीनं आतल्या तारा तडकतील. जवळ एक चढण होती, गुळगुळीत, पुडीची. दुसरी लांब होती, खडकाळ, वीस दिवसांच्या वाटेवर. मॅडमनी जवळची निवडली. साहेब म्हणाले, “आधी अंगणात करून दाखवा.” साहेब या कामाचे प्रमुख, पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे. त्यांच्या सहीशिवाय थोरलीचं चाक हलायचं नाही.

काकांनी दोन दिवसांत चढण उभी केली. चाचणीच्या आदल्या दिवशी मोजमापं घ्यायला माणसं तिच्या पायथ्याशी येत-जात राहिली आणि हॉलभर धूळ उठली. मॅडमना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. त्या पायरीवर बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, आणि श्वास ओढायला लागल्या. त्यांचे ओठ पांढरे पडलेले काकांनी पाहिले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर काकांनी बाहेरच्या नळावरून बादली भरून आणली. झाडू हातात घ्यायच्या आधी पाण्याचा हबका मारावा म्हणजे धूळ बसते, हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं, आणि आईला तिच्या आईनं. दारावर पाणी आत नेऊ नये अशी सूचना होती खरी. पण ती तारांसाठी, धाकटीच्या अंगावर पाणी सांडू नये म्हणून, अशी काकांची समजूत होती. धाकटी तर लांब कोपऱ्यात झाकून ठेवलेली. काकांनी ओंजळीनं, फुलं उधळावीत तसा, चढणीवर हलका हबका मारला. आधी एकदा. मग धूळ अजून उडतेय असं वाटलं म्हणून दुसऱ्यांदा. कोपऱ्यातले पंखे रात्रभर चालू असतात, सकाळपर्यंत वाळून जाईल, असं म्हणून ते घरी गेले.

सकाळी आल्याबरोबर त्यांनी चढणीवरची मूठ भरली, दाबली, उघडली. पूड बोटांतून सांडली. कोरडी ठणठणीत.

चाचणी सुरू झाली. धाकटी चढणीला लागली आणि जिना चढावा तशी वर गेली. चाकं बोटभरसुद्धा रुतली नाहीत. टाळ्या पडल्या. धूळ नव्हती, म्हणून मॅडमनी फडकं बांधलं नव्हतं, आणि त्या मोकळ्या चेहऱ्यानं हसत म्हणाल्या, “काका, चढण झकास!”

साहेबांनी सही केली. आज्ञा गेली.

दुसऱ्या संध्याकाळी चित्र आलं. थोरलीची पुढची चाकं निम्मी पुडीत. फार नाही, म्हणून आणखी एक आज्ञा गेली. तिसऱ्या संध्याकाळच्या चित्रात चाकं दिसतच नव्हती. ती चढणीच्या पायथ्याशीच पोटापर्यंत बसली होती, आणि मागं तिच्या चाकांचे चर दिसत होते, नांगरल्यासारखे.

इमारतीतली हवाच बदलली. जिथं माणसं हसत चहा प्यायची तिथं आता दारं लावून बसायला लागली. प्रश्न एकच होता. इथं धाकटी गेली, मग तिथं थोरली का बुडाली? चढण तीच, चाकं तीच. साहेबांनी तर्क काढला की थोरलीचं मागचं डावं चाक अडकलं असणार, आणि ते अडकलंय हे ध्यानात न घेता मॅडमनी आज्ञा दिल्या. चौकशी होईपर्यंत मॅडमनी चालवायच्या खुर्चीवर बसू नये असं ठरलं. पुढचा बेतही ठरला. चार दिवसांनी, उरलंसुरलं सगळं बळ लावून, अडकलेलं चाक फरफटत, थोरलीला पुढंच रेटायचं. धाकटीचं एक चाक बांधून कामगार ते करून बघणार होते. त्यासाठी अंगण मोकळं हवं होतं. काकांना निरोप आला, चढण मोडून टाका.

काकांनी फावडं घातलं. फावड्यानं पूड उचलायच्या ऐवजी एक पोपडा उचलला. परातीएवढा रुंद, चार बोटं जाड, वरून कोरडा, आतून घट्ट. खाली पूड सैल होती, मैद्यासारखी.

काका त्या पोपड्याकडं बघत उभे राहिले. त्यांना खाणीतला रस्ता आठवला. ट्रकची चाकं रुतायला लागली की त्यांचे वडील रस्त्यावर दगडाची बारीक पूड पसरायचे, वर पाणी मारायचे, आणि सकाळी त्याच रस्त्यावरून ट्रक फरशीवरून जावेत तसे जायचे. पूड पाणी पिते, वाळते आणि धरते. हे त्यांना माहीत होतं. दहाव्या वर्षापासून माहीत होतं. त्या संध्याकाळी ते कुठं गेलं होतं? आणि सकाळी आपण मूठ भरली ती वरवरची. चार बोटं खाली हात घातला असता तर?

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग आयुष्यभर दगडाशी खरं वागलेल्या त्या माणसानं फावडं उलटं केलं आणि पोपडा फोडला. दुसरा फोडला. सगळी चढण फोडून, चाळून, सारखी करून टाकली. दुपारपर्यंत अंगणात सपाट, निष्पाप पूड पसरली होती.

घरी त्या दिवशी ताट तसंच राहिलं. काकू शाळेचे गणवेश शिवायच्या. शिवणयंत्र खिडकीशी, आणि त्याच्या बाजूला निळ्या कापडाची चळत. त्यांनी पायाखालचं पायडल थांबवलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

“कोण गेलं?”

“कोण जाणार?”

“मग तोंड असं का? सकाळी पण नुसता चहा घेऊन गेलात.”

काकांनी ताट बाजूला सारलं. मग सगळं बोलले. बादली, हबका, पोपडा, फावडं. काकूंनी ऐकून घेतलं. त्यांच्या बोटात सुई होती, ती त्यांनी उशीत टोचून ठेवली.

“एकोणीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरातली फरशी कधी पुसली नाहीत,” त्या म्हणाल्या, “आणि तिकडं हबका मारायला गेलात!”

काकांना हसू आलं नाही. काकूंनाही आलं नव्हतं.

“सांगून टाका की.”

“सांगून काय होणार? जे व्हायचं ते झालंय.”

“झालंय कुठं? अजून पुढं रेटणार आहेत म्हणता ना तिला?”

“हं.”

“सैल पुडीत रेटलं तर काय होईल?”

दगडाच्या माणसाला ते विचारायची गरज नव्हती. सैल पुडीत रुतलेलं चाक पुढं रेटलं तर ते स्वतःची कबर खणतं.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्यांना नाही,” काकू म्हणाल्या. “आणि त्या पोरीला खुर्चीवरून उठवलंय. तुमच्यापायी ती उठली, आणि तुम्ही बसून राहिलात.”

“तुला काय जातंय बोलायला! सगळी कचेरी माझ्या मुठीला मान देते.”

“मुठीलाच ना? मग मूठ उघडा.”

काका उठून बाहेर गेले. काकूंनी पुन्हा यंत्र सुरू केलं, पण शिवण वाकडी गेली आणि त्यांना ती उसवावी लागली.

दुसऱ्या दिवशी काका सांगायचं ठरवूनच निघाले. साहेबांच्या दारापर्यंत गेले. आतून आवाज येत होते, कोणीतरी म्हणत होतं की मॅडमनी घाई केली, नडली ती त्यांची हौस. काकांचा हात दारावर ठोकायला उठला आणि खाली आला. आत दहाजण आहेत, नंतर सांगू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग जेवणाची सुट्टी झाली. मग साहेब बाहेर गेले. दिवस मावळला. असा एक दिवस भीतीचा गेला आणि एक भिडेचा. तिकडे थोरलीवर पडणारं ऊन रोज थोडं थोडं कमी होत होतं, आणि हे त्या इमारतीत सगळ्यांना पाठ होतं, काकांनाही.

तिसऱ्या सकाळी मॅडम कागदांच्या खोलीत सापडल्या. खुर्ची गेल्यापासून त्या तिथंच बसायच्या. भिंतीला टेकून जुनी चित्रं ठेवलेली, जमिनीवर थोरलीच्या चाकांच्या खुणांचे छापील कागद पसरलेले, आणि मधोमध त्या मांडी घालून.

“या काका. बघा हो जरा. माझं काय चुकलं ते मलाच सापडत नाहीये.”

काका उभेच राहिले.

“तुमचं काही चुकलेलं नाही,” ते म्हणाले. “चढणीवर मी पाणी मारलं होतं.”

मॅडमनी कागद खाली ठेवला.

“कधी?”

“चाचणीच्या आदल्या संध्याकाळी. धूळ बसावी म्हणून. तुम्हाला खोकला...” पुढचं त्यांनी गिळलं. खोकल्याचं नाव काढलं तर ते ओझं तिच्या डोक्यावर जाईल, हे त्यांना त्या क्षणी कळलं. पण अर्धा शब्द बाहेर पडला होता, आणि मॅडमनी तो ऐकला होता.

“किती?”

“एक बादली. निम्मी उरली असेल.”

“म्हणजे अर्धी बादली. सगळीकडं?”

“चढणीवर. दोनदा हबका मारला.”

“आणि सकाळी मूठ बघितली होतीत ना?”

“वरची बघितली. खाली चार बोटांचा पोपडा धरला होता.”

“कुठंय तो?”

काकांनी मान खाली घातली. “फोडला. परवा.”

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त उठल्या, कागद गोळा केले आणि म्हणाल्या, “परवा. काका, परवा तुम्हाला कळलं, आणि आज सांगताय.”

“हो.”

“चला.”

साहेबांच्या खोलीत काका आयुष्यात पहिल्यांदाच आत गेले. साहेबांनी सगळं ऐकलं. टेबलावरचा पेन उचलला, परत ठेवला.

“वाचता येतं ना तुम्हाला?”

“येतं साहेब.”

“दारावर काय लिहिलंय?”

“पाणी आत नेऊ नये.”

“मग?”

“मला वाटलं ते तारांसाठी आहे.”

“वाटलं!” साहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला. “अर्ध्या बादलीनं गाडी बुडाली, हे मी कोणाला सांगू? कोण विश्वास ठेवेल?”

“बादलीनं बुडाली नाही साहेब,” काका म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण कुठून आला ते त्यांना कळलं नाही. “बादलीनं धाकटी इथं तरली. तिथं हबका मारणारं कोणी नव्हतं.”

मग साहेब म्हणाले, “सिद्ध करा. पोपडा फोडून ठेवलाय तुम्ही. नुसत्या तोंडच्या शब्दावर मी बेत बदलणार नाही.”

सिद्ध करायला एक दिवस लागला, कारण पाणी वाळायला एक रात्र लागते आणि तिला घाई करता येत नाही. काकांनी शेजारी शेजारी दोन चढणी उभ्या केल्या. एकीवर त्याच बादलीनं, तसाच हबका मारला. दुसरी कोरडी ठेवली. हबका मारताना सातजण बघत उभे होते. एकानं हळूच म्हटलं, “एकोणीस वर्षांचा अनुभव बघा,” आणि दुसरा हसला. काकांनी ऐकलं. त्यांनी हात थांबवला नाही.

सकाळी धाकटी हबका मारून सुकलेल्या चढणीवरून खडाखड वर गेली. मग तिला कोरड्या चढणीवर घातलं. चाकांच्या तीन फेऱ्यांत ती निम्मी, पाच फेऱ्यांत पोटापर्यंत. मागं तसेच चर. मॅडमनी थोरलीचं चित्र तिच्या शेजारी धरलं. पुढं रेटायची आज्ञा त्याच तासाला रद्द झाली आणि मॅडम पुन्हा खुर्चीवर बसल्या.

आता मागं यायचं होतं. तेही हळू, एका दिवसाला चाकाचा एक फेरा, कारण जास्त फिरवलं की पूड पुन्हा चाकाखालून निसटायची. रोज सकाळी काका अंगणात थोरलीचा त्या दिवशीचा खड्डा खणायचे, धाकटी त्यातून एक फेरा मागं यायची, आणि मग तिकडे आज्ञा जायची. संध्याकाळी चित्र यायचं. कधी वीतभर सरकलेली, कधी मुळीच नाही. मॅडम काकांशी बोलायच्या, पण फक्त कामाचं. “उजवीकडचा चर दोन बोटं खोल करा.” “झाला.” “बघते.” एवढंच. त्या पूर्वी विचारायच्या तसं, हिला आवडेल का, असं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. काकांनीही आपण होऊन काही सांगितलं नाही.

नवव्या दिवशी थोरली पुडीतून सुटली. सहाही चाकं उघडी दिसली, आणि कोणीतरी टाळी वाजवली, पण ती एकटीच राहिली. कारण सगळ्यांनी शेजारच्या पडद्यावरचा आकडा पाहिला होता. थोरलीच्या पोटात उरलेलं बळ. पायथ्याशी अकरा पावलांवर एक लहान उंचवटा होता, तिथंवर गेली असती तर पाठ कलती झाली असती. बळ तीन पावलांपुरतं होतं. तीन पावलं चालून तिथंच थिजण्यापेक्षा आहे तिथं निजवावं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी निजायची आज्ञा गेली. ऊन परत येईल तेव्हा उठली तर उठली.

मॅडम अंगणात आल्या. काका खड्ड्याच्या कडेवर बसले होते, फावडं आडवं टाकून.

“निजवलं,” मॅडम म्हणाल्या.

“सपाटीवरच?”

“सपाटीवरच.”

जे विचारायचं होतं ते विचारायला काकांकडं धीर नव्हता, पण ते न विचारता त्या अंगणात उद्या पाय टाकता आला नसता.

“त्या दिवशीच सांगितलं असतं, पोपडा निघाला त्या दिवशी. तर?”

मॅडमनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. काकांना त्याबद्दल त्या पुढंही आवडत राहिल्या. “दोन दिवस तुमचे, एक सिद्ध करायचा. तीन दिवसांचं ऊन,” त्या म्हणाल्या. “उंचवट्यापर्यंत गेली असती. बहुतेक.”

“बहुतेक.”

“हो.”

काकांनी मान हलवली. चाव्यांचा जुडगा खिशातून काढून त्यांनी पुढं केला. “साहेबांना द्या. मी माणूस बघून देतो कोणी. खाणीतला, चांगला.”

मॅडमनी जुडग्याकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही.

“जायचं नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात माया नव्हती, फक्त काम होतं. “थोरली जिथं निजलीय ती जागा इथं लावायची आहे. धाकटीला तशीच सपाटीवर ठेवायची, हिवाळाभर, वर तिथल्या उन्हाएवढा दिवा लावून. तिथल्या हवेतून रोज पाठीवर धूळ पडते. तेवढीच धूळ रोज इथं हिच्या पाठीवर पाडायची, आणि बळ किती उतरतं ते लिहायचं. म्हणजे तिकडं काय चाललंय ते कळेल. तिला उठवायची पहिली हाक कधी मारायची ते त्यावरून ठरेल. लवकर मारली तर ती उठायच्या धडपडीतच मरेल.”

“धूळ मी पाडायची?”

“तुमच्याइतका सारखा हात कोणाचा आहे?”

हे कौतुक होतं की शिक्षा, ते काकांनी विचारलं नाही, आणि मॅडमनाही बहुधा ठाऊक नव्हतं.

आठवडाभरात जागा उभी राहिली. थोरलीच्या मागचे चर, बाजूचा चपटा दगड, अकरा पावलांवरचा उंचवटा. उंचवटा काकांनी सगळ्यात शेवटी केला. तो करताना ते दोनदा उठून बाहेर जाऊन आले. ओल मोजायचं यंत्रही त्याच आठवड्यात आलं. एक साहेब रोज सकाळी त्याची सळई पुडीत खुपसून आकडा लिहून घ्यायचे, आणि काका बाजूला उभे राहायचे, हात पाठीमागं बांधून.

पहिल्या सकाळी मॅडम फडकं बांधून आल्या. धाकटीच्या पाठीवर काळ्या पाट्या आरशासारख्या स्वच्छ होत्या. काकांनी शिडीवर चढून नवी बारीक चाळणी हातात घेतली, वजन केलेली पूड तिच्यात ओतली आणि चाळणीच्या काठावर बोटानं टिचकी मारायला सुरुवात केली. पूड खाली उतरू लागली, इतकी हलकी की पडतेय असं वाटतच नव्हतं. फक्त काळ्या पाटीचा काळेपणा हळूहळू कमी होत गेला. खाली मॅडम आकडा वाचत होत्या. आकडा उतरला.

“अजून?” काकांनी वरून विचारलं.

“अजून थोडी.”

काकांनी टिचकी मारली.

“बास,” मॅडम म्हणाल्या. फडक्याआडून आवाज नीट येत नव्हता. “आज तिच्या पाठीवर एवढी असेल.”

“आणि उद्या?”

“उद्या याच्यावर तेवढीच आणखी.”

काका शिडीवरून उतरले आणि चाळणीत पूड शिल्लक राहिली नाही ना, ते उजेडाकडं धरून बघू लागले.